शंटिंग इंजिन सांध्यावर अडतंय: दोष रुळात, चाकात की वायरीत?

लक्षण ठरलेलं असतं. मॉडेल रेल्वेतलं एचओ स्केलचं (१:८७) छोटं शंटिंग इंजिन, म्हणजे यार्डात डबे हलवणारं इंजिन, सरळ रुळावर नीट चालतं, पण यार्डात शिरून हळू केलं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या सांध्यावर (पॉइंटवर, जिथे एका रुळातून दुसरा फाटा फुटतो) उभं राहतं. बोटाने जरा ढकललं की पुन्हा सुरू. रूळ पुसले की दोन दिवस बरं चालतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी पहिला संशय मोटारीवर जातो आणि नवी मोटार मागवली जाते. थांबा. दहातल्या नऊ वेळा मोटार ठणठणीत असते, तिच्यापर्यंत वीज पोचत नसते.

मेन लाइनच्या सहा अॅक्सलच्या इंजिनाला हा त्रास फारसा जाणवत नाही. ते लांब असतं, जड असतं, फ्लायव्हीलच्या (मोटारीवरच्या जड चाकाच्या) जोरावर वेगाने सांधा ओलांडून जातं, त्यामुळे क्षणभर वीज तुटली तरी कळत नाही. शंटिंग इंजिनाकडे यातलं काहीच नसतं. ईएमडी या अमेरिकन कंपनीचं एसडब्ल्यू १५०० (मूळ इंजिन १९६६ ते १९७४ मध्ये बनलं) घ्या. त्याच्या एका ट्रकमधल्या (म्हणजे बोगीतल्या) दोन अॅक्सलमध्ये ८ फुटांचं अंतर, म्हणजे १:८७ मध्ये २८ मिमी. दोन ट्रकच्या मध्यांमधलं अंतर २२ फूट, म्हणजे ७७ मिमी. एवढ्याशा जागेत चाकं, गिअर, मोटार, वजन आणि डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवून इंजिन चालवायची पद्धत) असेल तर ते हुकूम वाचणारा डिकोडरही बसवायचा असतो. जनरल इलेक्ट्रिकचं (जीई) ४४ टनी इंजिन तर मुळातच हलकं ठेवलेलं. ९०,००० पौंडांहून जड इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन हवाच, असा करार अमेरिकेत १९३७ साली झाला होता आणि ४४ टन म्हणजे ८८,००० पौंड त्या मर्यादेत बसत होते. त्याचं मॉडेलही तसंच लहान आणि हलकं. चाकं रुळाला दाबून धरायला वजन कमी पडतं, म्हणून थोडासा मळही त्याला अडवायला पुरतो.

आधी दिवा बघा

पेचकस हातात घेण्याआधी इंजिन अडेल तिथे तसंच राहू द्या, हात लावू नका. दिवा विझला आणि आवाजही बंद झाला तर वीज तुटली आहे. दिवा चालू आहे, मोटारीचा आवाज येतोय, चाकं जागच्या जागी फिरताहेत, तर पकड कमी आहे किंवा काहीतरी खाली अडकलं आहे. बहुतेक वेळा कपलरखालची (डबे जोडणाऱ्या आकड्याखालची) वाकडी तार फ्रॉगला, म्हणजे सांध्यातल्या व्ही आकाराच्या तुकड्याला, लागत असते. दिवा चालू, मोटार फिरते पण चाकं ढिम्म, तर गिअर बघा. एकाच इंजिनाऐवजी सगळा लेआउटच बंद पडला तर तो शॉर्ट आहे आणि त्याचा इलाज वेगळा, तो खाली आहे. डीसीवर (रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून) चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कमी व्होल्टेजवर दिवा तसाही मंद असतो, म्हणून खोलीतला दिवा घालवून बघा.

मग दुसरा प्रश्न विचारा: नेहमी एकाच जागी अडतं की कुठेही? दुसरं एखादं इंजिन त्याच जागेवरून अगदी हळू न्या. दोन्ही एकाच ठिकाणी अडली तर दोष रुळात. दुसरं आरामात गेलं तर दोष पहिल्या इंजिनात. या एका चाचणीने निम्मं काम होतं. ती न करता लोक रूळही घासतात, इंजिनही उघडतात आणि शेवटी नक्की कशाने बरं झालं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकाच जागी अडत असेल तर

सांध्याचा फ्रॉग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा, हा पहिला संशयित. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर वीज नसते. त्या बाजूची चाकं त्यावर आली की तेवढा वेळ ती वीज उचलत नाहीत. स्टीलच्या पट्टीने हा मृत भाग मोजा आणि तुमच्या इंजिनाच्या एका ट्रकच्या २८ मिमीशी ताडून बघा. जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये एक ट्रक फक्त उजव्या रुळाची वीज घेतो आणि दुसरा फक्त डाव्या. अशा इंजिनात एका बाजूला दोनच चाकं कामाची असतात. मृत भाग २८ मिमीहून लांब असेल तर ती दोन्ही एकदम उपाशी राहतात आणि इंजिन थांबणारच. मृत भाग आखूड असला तरी दोनातलं एक चाक मळलेलं असेल, तर तोच प्रकार.

उलट आठही चाकांनी वीज घेणारं एसडब्ल्यू फ्रॉगवर अडत असेल, तर त्याचा अर्थ बारकाईने वाचा. पुढचा ट्रक फ्रॉगवर असताना मागचा ट्रक ७७ मिमी मागे चांगल्या रुळावर उभा असतो. तरी इंजिन अडलं, म्हणजे मागच्या ट्रकची त्या बाजूची चाकं वीज देत नाहीत. अडतं फ्रॉगवर, पण बिघाड असतो फ्रॉगपासून लांब, दुसऱ्या टोकाच्या ट्रकमध्ये. सांध्याला दोष देऊन सांधे बदलणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते.

फ्रॉग धातूचा असेल तर त्याला वीज द्या. शंटिंग यार्डासाठी यासारखा दुसरा उपाय नाही. पेको कंपनीच्या इलेक्ट्रोफ्रॉग (वीज वाहणारा धातूचा फ्रॉग) सांध्यात फ्रॉगमधून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे पण वीज न नेणारे तुकडे) लावावेच लागतात, नाहीतर सांधा उलटा पडला की शॉर्ट. पेकोच्याच युनिफ्रॉगमध्ये फ्रॉग वेगळा ठेवलेला असतो आणि वीज द्यायची झाल्यास त्याला वायर दिलेली असते. अॅटलसच्या कस्टम लाइन सांध्याचा फ्रॉग धातूचाच, पण त्या धातूवर सोल्डर नीट धरत नाही. तिथे बारीक स्क्रूखाली वायर दाबून बसवावी.

फ्रॉगची वीज सांध्याच्या दिशेप्रमाणे बदलायला हवी. हाताने चालणाऱ्या सांध्याला एक साधा स्लाइड स्विच किंवा मायक्रोस्विच पुरतो. मधली तार फ्रॉगला, बाजूच्या दोन तारा दोन बाहेरच्या रुळांना. टॉर्टॉइज (सांधा वळवणारी) मोटार असेल तर आत स्विच तयारच असतो: १ आणि ८ नंबरवर मोटारीची वीज, ४ नंबर फ्रॉगला, २ आणि ३ दोन रुळांना. जोडल्यावर सांधा बदलताच शॉर्ट झाला तर घाबरायचं कारण नाही, २ आणि ३ ची अदलाबदल करा. डीसीसीवर फ्रॉग जूसर नावाचं छोटं सर्किट हे काम आपोआप करतं. चाकाने शॉर्ट केला की ते लगेच फ्रॉगची बाजू पालटतं. साध्या डीसीवर ते चालत नाही.

फ्रॉगइतकाच त्रास सांध्याच्या जिभा देतात. बऱ्याच सांध्यांत हलणारी जीभ बाहेरच्या रुळाला टेकते आणि केवळ त्या टेकण्यातूनच तिला वीज मिळते. तिथे धुळीचा कण अडकला, रंगाचा शिंतोडा उडाला किंवा खडी चिकटवताना पाण्यात कालवलेला फेविकॉल शिरला, की जीभ मेली. ओळखायची खूण सोपी: जिभेवर नखाने हलकं दाबलं की इंजिन चालतं, सोडलं की थांबतं. कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जीभ आणि रूळ यांच्यात धरा, सांधा त्यावर मिटवा आणि पट्टी ओढून घ्या. पट्टीवर काळी रेघ उमटेल. ती उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. कायमचा उपाय म्हणजे जीभ आणि तिच्या शेजारचा बाहेरचा रूळ बारीक वायरने खालून जोडणे. मात्र फ्रॉग जिभांपासून विजेने वेगळा केलेला असेल तरच हे करा. नसेल तर ही वायरच शॉर्ट घडवेल. आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून जीभ आणि फ्रॉग तपासा. बीप आला तर वायर जोडू नका.

आता सगळंच बंद पाडणारा शॉर्ट. प्लॅस्टिक फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध बाजूंचे रूळ अगदी जवळ येतात. रुंद चाक त्या जागी दोघांनाही एकदम स्पर्श करतं, ठिणगी उडते आणि डीसीसीचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) बंद पडतो. अंधारात हळू चालवलं की ठिणगी दिसते. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजने (मापाने) आधी चाकांमधलं अंतर तपासा. एचओत चाकांच्या आतल्या पाठींमध्ये साधारण १४.४ मिमी हवं. अंतर बरोबर असेल तर प्लॅस्टिक जिथे संपतं तिथून पुढे ५-६ मिमी दोन्ही रुळांच्या माथ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. हा थर झिजतो, दोन-चार महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो, पण त्याहून स्वस्त इलाज मिळणार नाही.

सांध्यापलीकडचा पूर्ण फाटाच अशक्त वाटत असेल तर फीडर (रुळाला वीज आणून देणाऱ्या वायरी) मोजा. रूळ जोडणाऱ्या जॉइनरवर विजेसाठी विसंबू नये. ते ढिले होतात आणि आतून काळे पडतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर हवी. फीडर ०.३ ते ०.५ चौ. मिमीची चालेल, खालची मुख्य वायर घरगुती वायरिंगची १.५ किंवा २.५ चौ. मिमीची घ्या. डीसीसी असेल तर यार्डाच्या प्रत्येक टोकाला एक रुपयाचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवून बघा. बूस्टर ताबडतोब बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तिथली वायर कमकुवत आहे आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथेच प्लॅस्टिक वितळेल.

कुठेही अडत असेल तर

कागदाची चाचणी करा. एका ट्रकखाली दोन्ही रुळांवर जाड कागद ठेवा आणि इंजिनाला वीज द्या. कागदावर नसलेला ट्रक एकटाच इंजिन चालवू शकला पाहिजे. मग कागद दुसऱ्या ट्रकखाली. (जुन्या, एका ट्रकला एकच रूळ असलेल्या मॉडेलला ही चाचणी लागू नाही, ते दोन्ही वेळा बंदच राहील.) जिथे इंजिन गप्प बसतं तिथे मल्टिमीटर घ्या. एक टोक चाकाच्या कडेला, दुसरं डिकोडरच्या लाल वायरीला. लाल म्हणजे उजवा रूळ, काळी म्हणजे डावा, नारिंगी आणि करडी मोटारीकडे. प्रत्येक चाकाला १ ओमपेक्षा कमी रोध दिसायला हवा. ट्रक हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत बघा. वळवल्यावर आकडा उडाला तर वायर आतल्या आत तुटली आहे. इन्सुलेशन शाबूत दिसतं म्हणून ती नजरेतून सुटते. तिच्या जागी अतिशय लवचिक, अनेक बारीक तारांची वायर घाला. कडक वायर ट्रकला वळू देत नाही आणि मग वळणावर चाकच रुळावरून उचललं जातं.

वायर ठीक असेल तर अॅक्सलला किंवा चाकाच्या पाठीला घासणारी पितळी पट्टी बघा. ती चाकाला जेमतेम टेकली पाहिजे. फार दाबली तर चाक अडतं, सैल असेल तर सुटते. चिमट्याने अर्ध्या मिलिमीटरने वाकवा, पुन्हा मोजा. टोकावर काळा थर असेल तर अल्कोहोलने पुसा.

चाकं पुसायची पद्धत अशी. जुन्या सुती चादरीची पट्टी अल्कोहोलने ओलसर करा, निथळू देऊ नका, आणि रुळावर आडवी पसरा. एक ट्रक पट्टीवर, दुसरा उघड्या रुळावर. इंजिन हलकेच धरून मध्यम वेगाने दहा सेकंद चाकं फिरवा. पट्टी उचलली की दोन काळ्या रेघा दिसतील. पट्टी थोडी सरकवून पुन्हा. रेघा करड्या झाल्या की ट्रक बदला. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि बाटली लांब, झाकण लावून. रबराचा टायर असलेलं चाक नुसतं पुसा, भिजवू नका. तो टायर वीज घेतच नाही, म्हणून लहान इंजिनात टायर नसलेला चाकांचा जोड मिळत असेल तर तोच बसवलेला बरा.

पॉलिश पेपर चाकाला नको आणि रुळालाही नको. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो. रूळ पुसून वाळल्यावर मऊ ६बी पेन्सिलीचं ग्रॅफाइट रुळाच्या आतल्या कडेवर एकदाच हलकं फिरवलं तर बराच काळ फरक टिकतो. जास्त लावलं तर चढावर चाकं घसरतात. फ्रॉगजवळच्या फटींवर तर लावूच नका, ग्रॅफाइट वीज नेतं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् असा आवाज येत असेल तर अॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकला आहे. तडा केसाएवढा असतो, भिंगाखाली दात मोजत फिरवलं की सापडतो. चिकटवू नका, उघडतोच. गिअर बदलल्यावर चाकांमधलं अंतर गेजने पुन्हा जुळवा.

इंजिन हलकं वाटत असेल तर हुडच्या आत शिशाचे पातळ तुकडे बसवा. टायरच्या दुकानात बॅलन्सिंगची वजनं मिळतात, ती शिशाचीच आहेत ना हे विचारून घ्या. वजन दोन्ही ट्रकवर सारखं पडलं पाहिजे. थांबायचं कुठे? इंजिन हाताने अडवून पूर्ण वीज दिली तर चाकं घसरली पाहिजेत. चाकंच थांबली तर वजन जास्त झालं आणि मोटार जळेल. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

पावसाळा आणि बंद पेटी

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा त्रास दुप्पट होतो. जुने पितळी रूळ असतील तर ते सरळ बदला. पितळेवरचा थर वीज अडवतो आणि दमट हवेत तो आठवड्यात परत येतो. निकेल सिल्व्हरचे रूळ (नावात सिल्व्हर आहे पण चांदी नाही, तांबं, निकेल आणि जस्त) बरेच टिकतात. रुळांखालची फळीही दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे रुळांत जुलैत सोडलेल्या फटी फेब्रुवारीत मिटतात आणि इन्सुलेटेड जोड एकमेकांना टेकतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या आणि कडांसकट सगळीकडून रंगवा. फटींत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा बसवून चिकटवा.

संग्रहातलं इंजिन वर्षानुवर्षं पेटीत पडून असेल तर त्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. वीज देऊन बळजबरीने फिरवू नका. गिअरबॉक्स उघडा, जुनं ग्रीस अल्कोहोलने धुऊन काढा, वाळवा, प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल अॅक्सलच्या टोकांना सुईच्या अग्रावर येईल एवढंच लावा. खोबरेल तेल नको. २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि थंडीत इंजिन जाम होतं. पेटीतला जुना फोम चिकट होऊन रंगाला लागायला लागला असेल तर तो फेकून इंजिन पातळ कागदात गुंडाळा आणि सिलिका जेलची पुडी ठेवा.

अमेरिकेतून कुणी जुना पॉवर पॅक आणून दिला असेल तर मागचं लेबल वाचा. १२० व्होल्टचा पॅक नुसता प्लग बदलून आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

कीप-अलाइव्ह शेवटी

कीप-अलाइव्ह म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर. तो डिकोडरला जोडला की इंजिन मृत भाग ओलांडून जातं, यात शंका नाही. २.७ व्होल्टचे, १ फॅरडचे सहा सुपर कपॅसिटर एकापुढे एक जोडले तर १६.२ व्होल्टला सुमारे ०.१७ फॅरड मिळतं. २०० मिलिअँपियर घेणारं इंजिन १३ वरून ७ व्होल्टला उतरेपर्यंत पाच सेकंद चालेल. जोड डिकोडरच्या निळ्या (धन) वायरीला आणि ऋण टोकाला द्यायचा, रुळांच्या वायरींना कधीच नाही. सोबत १०० ओमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड हवा. ध्रुव उलटे झाले तर कपॅसिटर फुटतो.

तरी तो शेवटीच लावा. मळलेली चाकं आणि तुटलेली वायर तो झाकून टाकतो, बरी करत नाही. शिवाय संपर्क तुटलेला असताना इंजिनाला थांबण्याचा हुकूमही पोचत नाही. पाच सेकंदांत ते फाट्याच्या टोकाचा बफर ओलांडून टेबलाखाली गेलेलं असतं. सीव्ही (डिकोडरमधल्या क्रमांकित सेटिंग) वाचताना प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर, त्रुटी येत असेल तर कपॅसिटर तात्पुरता काढा. आणि लेआउट डीसीसीचाच असेल तर सीव्ही २९ मधला डीसीचा पर्याय बंद करा: ६ असेल तर २, इंजिनाचा डीसीसी क्रमांक लांब (चार आकडी) असून ३८ असेल तर ३४. वीज क्षणभर तुटल्यावर इंजिन अचानक सुसाट सुटण्याचा प्रकार याने थांबतो.

दुरुस्ती झाल्यावर खात्री करायला अॅलन राइट यांचं इंगलनुक हे कोडं उत्तम: दोन सांधे, तीन फाटे, आठ वॅगन, त्यातल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या. एका डावात इंजिन त्याच दोन सांध्यांवरून कितीतरी वेळा जातं. वेगाच्या १२८ टप्प्यांच्या सेटिंगवर तिसऱ्या-चौथ्या टप्प्याने एक अख्खा डाव खेळा, मग इंजिन उचलून तोंड उलट्या दिशेला करून दुसरा. एका तोंडाने नीट गेलं आणि दुसऱ्या तोंडाने अडलं, तर अजून एक चाक वीज देत नाहीये, आणि ते अडताना फ्रॉगवर नसलेल्या ट्रकमध्ये आहे.